टाकव्याचा पांढरा पंचा

तात्या आगाशांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या अंगणात उभे राहून माझ्या नवऱ्याचं धोतर हुंगत होते. अंगात कोट, डोक्यावर टोपी, पायात नीट वहाणा, आणि नाक दोरीवरच्या धोतरात. मी म्हटलं, "कोण हो आपण?" तर मानही वर न करता म्हणाले, "वहिनी, हे रात्रभर बाहेर होतं का?"

"होतं. का?"

"मग परत धुवा. हवेचं काही खरं नाही."

परत धुवा म्हणे! नळाला पाणी किती वेळ येतं हे याला कोण सांगणार? पण ते आमचे नवे शेजारी निघाले. पानशेतच्या पुरात पुण्यातलं घर भिजलं, भिंतींची ओल जाईना, आणि मालूताईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, जुना दमा उसळला. डॉक्टरांनी सांगितलं, कोरड्या, चांगल्या हवेत न्या. कोरडी हवा शोधत हा शहाणा माणूस लोणावळ्याला आला! पावसाळ्यात आमच्याकडे चपलांवरसुद्धा बुरशी येते. पण एकदा बिऱ्हाड थाटल्यावर करता काय?

तात्या चिक्कीच्या दुकानात हिशेबाला होते. मागे कढया उकळायच्या, भट्टीचा धूर पुढे यायचा, म्हणून हे दाराच्या उंबऱ्याजवळ ओला रुमाल नाकाला लावून बसायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, माल नासलाय. मालक कपाळावर हात मारून घ्यायचा. मुंबईची माणसं ट्रंका घेऊन हवापालटाला आली की तात्या त्यांना चिक्की बांधून देता देता हळूच सांगायचे, "आज वारा घाटाखालून येतोय. खिडक्या लावून बसा." एकदा एक कुटुंब खरंच संध्याकाळच्या गाडीने परत गेलं.

त्यांनी कधीतरी वर्तमानपत्रात वाचलं होतं की विलायतेकडे धुरांडी एका देशात असतात आणि काजळी जाऊन पडते दुसऱ्याच देशातल्या खेड्यात, शेतावर. तिकडची माणसं म्हणे खेडोपाडी भांडी ठेवून हवा तपासतात. झालं. तात्यांनी एका जुन्या पंच्याचे चार तुकडे केले. एक स्वतःच्या अंगणात, एक भुशीच्या धरणाजवळ एका झोपडीत, एक कुरवंड्याला आणि एक खाली मावळातल्या टाकव्याला, आमच्या गणपत दूधवाल्याच्या घरी. रविवारी दुकान सांभाळायचं म्हणून मंगळवारी सुट्टी घेऊन हे तुकडे गोळा करत हिंडायचे आणि मग आमच्या ओट्यावर चारी मांडून बसायचे.

"बघा वहिनी. आपला करडा, तो ट्रकांचा धूर. कुरवंड्याच्या तुकड्यावर ठिपके. जंगलात कोळशाची भट्टी लागलीय. भुशीचा पिवळट. आणि हा टाकव्याचा."

टाकव्याचा पंचा पांढराशुभ्र. दर वेळी. सशासारखा.

"अहो, कदाचित तिकडे धुळीचा रस्ता लांब असेल," मी म्हणायची.

"डोळा फसेल, नाक फसेल. पंचा फसणार नाही."

आम्ही हसायचो. पण खोटं कशाला बोलू, भीती मेली गोवरासारखी लागते. पलीकडच्या भिंतीतून मालूताईंच्या श्वासाची शिटी ऐकू यायला लागली की मी हातातलं काम टाकून तिकडे जायची. उशी मांडीवर घेऊन त्या बसायच्या, खांदे वर-खाली, ओठ निळसर, आणि तात्या समोरच्या भिंतीला टेकून नुसते बघत राहायचे. सकाळी बंब पेटवताना मीसुद्धा धूर कुठे जातोय ते बघायला लागले होते. आमचे हे म्हणाले, "एक वेडा शेजारी होता, आता घरात पण एक."

त्या वर्षी चैत्रात आमच्या दारासमोरच्या रस्त्याचं काम निघालं. डांबराची पिंपं तापवायला लागले. काळा, चिकट धूर सरळ घरात. मालूताईंना दोन दिवसांत असा दमा लागला की तात्यांनी दुकानाचा हिशेबच चुकवला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात आले. दाढी वाढलेली.

"वहिनी, हिला टाकव्याला ठेवतो. गणपतची आई सखूमावशी आहे, खोली आहे. काम संपेपर्यंत."

मी म्हटलं, "तात्या, चैत्रात मावळात राब भाजतात हो. भाताचं रोप करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरतात आणि पेटवतात. धूर होतो."

"ठाऊक आहे. माघापासून पेटवताहेत थोडंथोडं. पण पंचा बघा ना." आणि त्यांनी तो पांढरा तुकडा माझ्यासमोर धरला.

मालूताई टाकव्याला गेल्या. सुट्ट्यांचा हंगाम, त्यामुळे मालक तात्यांना एक दिवस मोकळा सोडेना. गणपत दुधाबरोबर निरोप आणि पंचा घेऊन यायचा. "ताई बऱ्या हायेत," एवढंच सांगायचा, आणि पंचा पांढरा. तात्या तो उन्हात धरून बघायचे आणि घडी घालून कोटाच्या खिशात ठेवायचे.

शाळेला सुट्टी लागल्यावर मी वर्षाचा आंबेमोहोर घ्यायला टाकव्याला निघाले. कान्ह्याच्या स्टेशनात आगगाडीतून उतरले तेव्हाच डोळे चुरचुरायला लागले. बैलगाडी पुढे जाऊ लागली तशी डोंगररांग दिसेनाशी झाली. वारा अजिबात नव्हता. दोन्ही बाजूंना खाचरांत राब धुमसत होते, ज्वाळा कुठेच नाही, नुसता धूर, आणि तो वर जायचं नाव घेईना. सगळं खोरं झाकण लावल्यासारखं बंद. भर सकाळी सूर्य तांबडा दिसत होता. मी पदर नाकाशी धरला. मला, धडधाकट बाईला, घास अडकावा तसं झालं, आणि मग एकदम मालूताईंची आठवण आली. गाडीवानाला म्हटलं, बाबा, जरा हाक.

सखूमावशी दारातल्या दगडावर काहीतरी धूत होत्या. मी जवळ गेले तर तात्यांचा पंचा. पाणी काळंशार.

"मावशी, हे काय करताय?"

"कापड धुतीया. रोजच धुती. लय काजळी धरतंय बगा."

"अहो, पण तो तसाच द्यायचा होता!"

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटावी. "आवं ताई, पावन्याचं कापड मळकं धाडायचं व्हय? तात्या म्हनलं, मावशी, माजा पंचा नीट संबाळा. म्या रिठ्यानं धुती. आमच्यात न्हाई बाई तसलं."

तिने तर आपल्या घराची अब्रू राखली होती.

आत मालूताई तशाच बसलेल्या, उशीवर वाकून. खोलीत धूर दिसत होता. चेहरा राखेच्या रंगाचा, गळ्याजवळचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. मला बघून हसायला गेल्या आणि खोकल्या. मी खाली बसले. खरं सांगते, मला वाटलं ही बाई आता माझ्यासमोर जाते.

"मालूताई, निरोप का नाही धाडलात?"

एकेक शब्द तोडून तोडून म्हणाल्या, "ह्यांना... सांगू नका. बरी आहे म्हणून सांग... असं मीच म्हटलं गणपतला. मी तिथे असले... की रात्र रात्र बसतात. गणपत सांगतो... आता झोपतात म्हणून. गाढ. इतक्या वर्षांत... पहिल्यांदा." मग माझा हात धरला. "पंचा धुतलेला... मी पहिल्याच दिवशी पाहिला. चार दिवस... झोपू दे म्हटलं."

माझं डोकंच फिरलं. झोपू दे म्हणे! मी सखूमावशींना हाक मारली, आम्ही दोघींनी त्यांना उचलून बैलगाडीत बसवलं, ओलं लुगडं तोंडावर धरलं. कान्ह्यापर्यंतचा तो रस्ता मला अजून आठवतो. पुढचे बैलसुद्धा धूसर दिसत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले होते, आणि पाठ हलायची थांबली की माझाही श्वास थांबायचा. सखूमावशी शेजारी चालत होत्या, वाघजाईला नवस बोलत होत्या, मधूनच डोळे पुसत होत्या. त्यांना आता काय झालं ते कळलं होतं. लोणावळ्याची आगगाडी यायला उशीर होता. आयुष्यात मी कुठल्या गाडीची इतकी वाट पाहिली नाही.

लोणावळ्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, आतल्या खाटेवर टेकवून बसवलं. म्हणाले, आणखी उशीर केला असता तर मी काही करू शकलो नसतो. निरोप गेला तसे तात्या दुकानातून धावत आले. हाताला गुळाचा पाक तसाच. दारातून आत पाहिलं, मालूताईंची छाती वर-खाली होताना दिसली, आणि बाहेरच्या बाकावर मटकन बसले.

मी सगळं सांगितलं. पंचा, रिठा, धूर. वाटलं, आता चिडतील.

"मावशींना काही बोलला नाहीत ना?" म्हणाले. "त्यांनी चांगुलपणाने केलं."

तेव्हा मात्र मला राहवेना. "आणि मालूताई का गप्प राहिल्या ठाऊक आहे? तुम्ही गाढ झोपता म्हणून! गणपतने सांगितलं त्यांना."

तात्या पाकाने चिकटलेली बोटं एकमेकांपासून सोडवत बसले.

"गणपतला ते मीच सांगायला लावलं होतं," ते म्हणाले. "ती माझ्या काळजीने परत येईल, म्हणून. वहिनी, ती गेल्यापासून माझा डोळ्याला डोळा नाही लागला. घरात आवाजच नाही. तीस वर्षं तिचा श्वास ऐकत बसतोय. तो ऐकू आला नाही की मला वाटतं, झालं, संपलं. फार भीती वाटते हो."

मी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि आत नेलं.

ते खाटेजवळच्या स्टुलावर बसले. मालूताईंच्या छातीतली शिटी चालूच होती, थोडी उतरलेली. ती ऐकता ऐकता तात्यांची मान एका बाजूला झुकली, टोपी मांडीवर पडली, आणि ते बसल्या बसल्या झोपले.

कंपाउंडर बाटल्या आवरत होता. मालूताईंनी खाटेवरूनच त्याला हात केला. दोनदा श्वास घेतला, मग शब्द आले.

"हळू हो. झोपलेत."