इंदूअक्कांची उलटी फेरी

ईरा आणि निषाद, परवा व्हिडिओ कॉलवर ईराने विचारलं, आजी, तुमच्या वेळी मुली शर्यतीत धावायच्या का? मी "धावायच्या की" म्हणाले आणि फोनची बॅटरी संपली. अर्धवट उत्तर दिलं की मला चैन पडत नाही. म्हणून आमच्या इंदूअक्कांविषयी हे नीट लिहून पाठवते आहे.

पिंप्राळ्याच्या आमच्या कॉलनीत ओपन स्पेस आहे आणि त्याच्या मधोमध दत्ताचं देऊळ. सकाळी सगळे देवाला उजव्या हाताला ठेवून त्याभोवती चालतात. व्यायाम होतो आणि पुण्यही पदरात पडतं. एकट्या इंदूअक्का उलट्या दिशेने. पंचाहत्तरी उलटलेली, पदर खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, कोपर अंगाशी. समोरचा बाजूला झाला नाही तर म्हणतात, "लेन सोड." हे त्यांनी गायीलाही ऐकवलंय आणि आमच्या नगरसेवकालाही. दोघंही बाजूला झाले.

अक्का अमळनेरजवळच्या खेड्यातल्या. लहानपणी खळ्यावर मळणीच्या बैलांमागे गोल गोल पळून दम तयार झालेला. कॉलेजात मुलींना छोट्याच शर्यती असत. लांब पळवलं तर मुली चक्कर येऊन पडतील, अशी मोठ्या माणसांना काळजी. धुळ्याला पहिल्यांदा मुलींची आठशे मीटर ठेवली तेव्हा अक्का अनवाणी पळाल्या. पडलं का कोणी, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, दुसरी इतकी मागे होती की पडली असती तरी दिसली नसती.

मुलींसाठी वेगळा कप कोणी आणलाच नव्हता, म्हणून पुरुषांचा दिला. त्यावरच्या पितळी धावपटूला झुपकेदार मिशा आहेत. घरी येणाऱ्या प्रत्येकाला अक्का तो दाखवतात आणि आपल्या अहिराणीत गंभीरपणे सांगतात, "हाई मी शे." म्हणजे, ही मी.

लग्नानंतरही त्या राज्य पातळीपर्यंत पळाल्या. पुढे शाळेत खेळाच्या बाई झाल्या. त्यांच्या शाळेतल्या मुली अजून वाटेत भेटल्या की आधी पाठ ताठ करतात, मग नमस्कार.

तर गेल्या महिन्यात काय झालं, आमच्या कोठारीभाभी आरतीचं ताट घेऊन वळणावरून आल्या आणि अक्कांवर आदळल्या. साखरफुटाणे सगळीकडे. भाभी मऊ स्वभावाच्या, पण बाकीच्यांना निमित्तच हवं होतं. देवाभोवती उलटं फिरणं अशुभ, कॉलनीला बाधेल. बैठक झाली. सर्वांनी एकाच दिशेने चालावे, असा फलक लावायचं ठरलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून फलक माझ्याकडे आला आणि अक्कांना समजावण्याचं कामही.

मी गेले. अक्कांनी चहा ठेवला. मैदानावर डावीकडेच वळतात, म्हणून सवय झाली असेल ना, असं म्हणून मीच वाट काढून दिली. त्या हसल्या. मग त्यांनी पारोळ्याच्या सासरचं सांगितलं.

घर मोठं, सासू कडक. सुनेने सरावाला मैदानावर जाणं शक्यच नव्हतं. म्हणून अक्कांनी देवीला फेऱ्यांचा नवस बोलल्याचं सांगितलं आणि रोज पहाटे देवळाभोवती पळू लागल्या. सून फार देवभक्त, असं गावात नाव झालं. पण शर्यतीची वळणं अंगात मुरायला हवीत, म्हणून त्या फेऱ्या उलट्या. सासूच्या कानावर गेलं तेव्हा अक्कांचे यजमान, नाना, पुढे आले. एसटीत कारकून, अबोल माणूस. आईला म्हणाले, ती उसवते तेवढं मी शिवून येतो. दुसऱ्या दिवसापासून तेही देवळात. अक्का उलट्या पळायच्या, नाना सुलट चालायचे.

"घरमा मोठ्यास्नासमोर बोलता येये नही, बाई," अक्का म्हणाल्या. "तठे मातर दर फेरीले त्यास्नं तोंड दिसे."

नाना दोन वर्षांपूर्वी गेले. इथेही ते शेवटपर्यंत सुलट चालत होते, निंबाजवळच्या वळणावरून अक्कांच्या समोर येत. आम्हाला वाटायचं, नवरा-बायकोचं पटत नसावं.

"आते सगळास्नासंगे चालू, तं पाठीच दिसतीन," म्हणाल्या आणि कप विसळायला उठल्या.

फलक मी लिहिला नाही. अक्कांकडून जे ऐकलं ते पुढच्या बैठकीत सांगितलं. शेवटी कोठारीभाभीच म्हणाल्या, मी ताट झाकून आणत जाईन. आता त्या समोरून आल्या की "राम राम अक्का" म्हणतात. अक्का "लेन सोड" म्हणतात. मीही जाते, सुलट.

ईरा, आठशे मीटरमध्ये शेवटच्या वळणावर वेग वाढवायचा असतो, हे तुला तुझे सर शिकवतीलच. अक्का निंबाजवळच्या वळणावर हळू होतात आणि मान किंचित वर करून पुढे बघतात.

कपाचा मुलामा गेला आहे, गुडघे कुरकुरतात, नाना नाहीत. उलटी फेरी अजून आहे.