साध्या आवाजाची परीक्षा

“आवं, तिला घ्या की. तिचा आवाज तिचा तिलाच ऐकू येत न्हाई.”

काकू हे हळूच म्हणाली. हळूच म्हणजे, ती परसात होती आणि मला माडीवर ऐकू आलं.

‘ती’ म्हणजे मी. आणि ज्यांना माझी गरज पडली होती ते माझे थोरले चुलते, तात्या. वय अठ्ठावन्न, कुपवाडला पंपाचे भाग बनवायचा कारखाना, उंब्रजजवळ ऊस, आणि खिशात विमान चालवण्याचा परवाना. पोटासाठी नव्हे, हौसेसाठी. महिन्यातून एकदा ते कराडहून दोन माणसांचं भाड्याचं विमान घेऊन आमच्या उसावरून चक्कर मारतात, आणि उरलेला महिना त्याविषयी बोलतात.

“वरनं बगितलं की समजतं, कुणाचा बांध किती सरकलाय.” हे त्यांचं लाडकं वाक्य. माणसाने आकाशात जाऊन पाहावं काय, तर भावकीचा बांध!

कारखान्यात ट्यूबलाइटखालीही त्यांचा काळा चष्मा उतरत नाही. लग्नाच्या मांडवात ते नवरदेवाला वाऱ्याची दिशा सांगतात. समोरच्यानेही कधी बोलायचं असतं, हे त्यांच्या गावी नाही. तुम्ही तोंड उघडेपर्यंत ते तीन हजार फुटांवर पोचलेले असतात.

या परवान्याला ठरावीक मुदतीनं डॉक्टरचा दाखला लागतो. तो नसला तर विमानाला हात लावायचा नाही. रक्तदाब, साखर, डोळे, हृदय यांची तात्यांना फिकीर नव्हती. “लोखंड हाय, लोखंड,” म्हणून छातीवर थाप मारायचे. नियम इंग्रजीत, म्हणून वाचायला मला बसवलं. मी वाचलं: डॉक्टर दोन मीटरवर पाठीमागे उभे राहून साध्या बोलण्याच्या आवाजात शब्द सांगतील, ते म्हणून दाखवायचे. छातीवरची थाप थांबली.

“साध्या म्हंजे?” तात्यांनी विचारलं.

इथेच घोडं अडलं. आमच्या घरात साधा आवाज कुणाकडेच नाही. ही दोन शेतांपलीकडे हाका मारत वाढलेली माणसं. सरावासाठी काकूने साध्या आवाजात ‘भेंडी’ म्हणून पाहिलं. तात्यांना ऐकू आलं. शेजारच्या वहिनींनाही आलं. त्या कुंपणावरून पावशेर भेंडी देऊन गेल्या.

म्हणून मी. रोज संध्याकाळी तात्या भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि मी मागून शब्द सांगायची. ते भलतंच काही बोलायचे आणि वर मलाच झापायचे, “नीट बोल की! इंग्रजी शाळंत तोंड उघडाय शिकवत न्हाईत व्हय?” चौथ्या दिवशी मात्र सगळे शब्द बरोबर आले. माझा आवाज सुधारला असं मला वाटलं. मग दिसलं, भिंतीवरच्या बंद टीव्हीच्या काळ्या काचेत ते माझे ओठ वाचत होते.

“हे चीटिंग आहे, तात्या.”

“चीटिंग न्हाई गं, तयारी! सांगलीच्या डॉक्टरच्या खोलीत म्होरं काचंचं कपाट हाय. मागल्या खेपंला अंदाजानं निभावलं, तवाच बगून ठेवलंय. त्यो तोंडाम्होरं फाइल धरतो. तू त्याच्या शेजारी उभी ऱ्हा आन् त्यानं शब्द म्हटला की नुसतं ओठ हलव. आवाज काढायचाच न्हाई. तुला काय जड हाय त्यात?”

दुसऱ्याचा वीतभर सरकलेला बांध आभाळातून हेरणारा हा माणूस! पण मी ‘नाही’ म्हटलं नाही. मी कुणालाच ‘नाही’ म्हणत नाही.

सांगलीला जाताना गाडीत तात्यांनी विमानाचं नावही काढलं नाही. हे नवीनच होतं. मग रस्त्यावरची नजर न काढता ते बोलले.

“मशिनीपाशी तीस वर्सं गेली, पोरी. कान तितंच ठिवून आलो. एकेकटं कुणी वरडलं तर कळतं. चार माणसं बोलाय लागली की नुसता गलका. समदी हसली की मी बी हसतो. म्हणून मीच बोलत बसतो. मी बोलत असलो की मला कुणी काय इचारत न्हाई. वर इमानात हेडफोन घातला की रेडिओवरचा माणूस थेट कानात बोलतो. इचारतो, वारा कसा हाय? मी सांगतो. त्यो म्हणतो, समजलं. येवढंच. पण समदं ऐकू येतं बग.”

मी काहीतरी पुटपुटले. त्यांना अर्थातच ते कळलं नाही.

डॉक्टरांनी त्यांना कपाटाकडे तोंड करून उभं केलं, दोन पावलं मागे माझ्या शेजारी आले, फाइल तोंडासमोर धरली आणि म्हणाले, “दरवाजा.”

काचेत तात्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते. काळ्या चष्म्याशिवाय मी ते पहिल्यांदाच नीट पाहिले. लहान आणि घाबरलेले. ओठ हलवणं खरंच जड नव्हतं. पण उद्या वर असताना इंजिनाचा आवाज बदलला, तर ओठ कोण हलवणार?

“दरवाजा,” डॉक्टर पुन्हा म्हणाले.

मी ओठ मिटले. तात्या वाट बघत राहिले. डॉक्टरांनी कागदावर पेन टेकवलं, तशी मी पुढे गेले, तात्यांच्या समोर उभी राहिले, आणि बाहेर बसलेल्या पेशंटांनीही आत डोकावून पाहिलं इतक्या मोठ्याने म्हणाले, “तात्या, तुम्हाला ऐकू येत नाही! ते डॉक्टरांना सांगा! आधी कान दाखवू, मग विमानाचं बघू! आणि तोवर घरात मी बोलते तुमच्याशी, एकेक शब्द, असाच ओरडून!”