प्रधानकाकांचं तळं

प्रधानकाका रस्त्यात भेटले, तर आधी तुम्हाला डोळे मिटायला लावतील. तुमच्या हातात भाजीची पिशवी असो, मागून रिक्षावाला हॉर्न मारून कावलेला असो, काकांना त्याचं काही नाही. "मिटा डोळे. मिटलेत? आता बघा. तळं कसं स्वच्छ आहे. पाण्यात ढग उतरलेत. पलीकडे बगळा उभा आहे. दिसला?" नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं, तर दिसेपर्यंत उभं राहावं लागतं. मला आपला पहिल्या झटक्यात बगळा दिसतो, कारण मला बँकेत वेळेवर पोचायचं असतं.

पनवेलला आमच्या बिल्डिंगसमोर, रस्ता ओलांडला की हे तळं. काका म्हणतात म्हणून तळं म्हणायचं, बरं का! आम्ही राहायला आलो तेव्हा ते जलपर्णीनं असं गच्च भरलं होतं, की आमच्या ह्यांना ते मैदान वाटलं. "मुलांना क्रिकेटला बरं आहे," असंही म्हणाले. वास मात्र मैदानाचा नव्हता.

काका जन्मभर ड्राफ्ट्समन. अजून न बांधलेले पूल आणि न उभ्या राहिलेल्या इमारती कागदावर काढण्यात त्यांची हयात गेली. त्यामुळे जे नाही ते दिसणं, ही त्यांची जुनी सवय. निवृत्त झाल्यावर त्यांनी अख्खं पनवेल मनात नव्यानं काढायला घेतलं, आणि त्यासाठी माणसं हवीत म्हणून आम्हा शेजाऱ्यांची 'रविवार पलटण' उभी केली. ओला कचरा वेगळा, खताचा खड्डा, कापडी पिशव्या आणि तळं. रविवारी सकाळी, अहो, रविवारी, बेल वाजायची. दारात गमबूट घालून काका.

"उठलात?"

"नाही हो, काका."

"म्हणजे डोळे मिटलेलेच आहेत. छान. आता बघा..."

काय बघणार, कप्पाळ!

थर्माकोलशी तर त्यांचं हाडवैर. गणपतीत घरी आले की मूर्तीआधी मखराला नमस्कार. नमस्कार कसला, बोटाच्या पेरानं टकटक करून बघायचे. थर्माकोल निघालं, तर मोदक हातात तसाच धरून भाषण. मोदक गार, आम्ही गार. शेवटी सगळ्यांनी शपथेवर सांगितलं, की काका, थर्माकोल टाकून दिलं. तेव्हा कुठे त्यांनी मोदक तोंडात घातला.

नलूकाकू, म्हणजे काकांची बायको, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसलेल्या असायच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. साखर खाली येत नाही म्हणून डॉक्टर ऑपरेशनला हात लावत नव्हते. बरीच वर्षं त्यांना उजेड-अंधार तेवढा कळायचा. गॅलरीत सदान्‌कदा उदबत्त्या जळत असायच्या. मला वाटायचं, फार देवभोळं जोडपं दिसतंय.

तळमजल्यावरचा जनादादा कोळी मूळचा उरणकडचा, नोकरीला बंदरात. पलटणीची पहिली धडपड त्यानं जरा वेळ कमरेवर हात ठेवून पाहिली. "आवो काका, आसं हातानं वढून काय व्हतंय? माज्या बापाचं जुनं जालं हाय. त्येच टाकू." मग काय, कोळ्याचं जाळं आणि ओढायला आम्ही ट्रॅकसूटवाले! पहिल्याच ओढीला आमचे हे पाय घसरून कमरेपर्यंत आत गेले. काका काठावरून आनंदानं ओरडले, "बघा! पाणी आहे की नाही?"

एवढं करून उपटलेली जलपर्णी आम्ही काठावरच रचली आणि पोहे खायला घरी गेलो. पुढच्या रविवारी ती परत पाण्यात! वर तिला निळी फुलंही आलेली. काका म्हणाले, "सुंदर आहेत हो फुलं," आणि पुन्हा ओढायला लागले.

एका पावसाळ्यानंतर मात्र काकांचं काहीतरी बिनसलं. रविवार पुरेना. रोज संध्याकाळी बेल. शेवटी एकदा तळ्याकाठी मी भडकले. "काका, तळं काय पळून चाललंय? आम्हाला घरदार आहे की नाही?"

काका घाटाच्या पायरीवर बसले. गमबुटातलं पाणी ओतलं. मग म्हणाले, "नलूची साखर उतरली. ऑपरेशन ठरलंय."

"अहो, मग चांगलंच की!"

"चांगलंच आहे हो. पण मी तिला सांगून बसलोय. लग्न होऊन आली तेव्हा इथे कमळं होती. ह्या पायरीवर बसून चित्रं रंगवायची. डोळे गेल्यावर रोज सकाळी विचारायची, तळं कसं आहे आज? एकदा तोंडातून निघून गेलं, फुललीत म्हणून. इतकी हसली! मग दुसऱ्या दिवशी काय सांगू, सुकली? तेव्हापासून रोज फुलवतोय. आता ती गॅलरीत येऊन पहिलं काय बघणार? नवरा खोटं बोलला ते."

उदबत्त्या कशासाठी होत्या, ते मला तेव्हा कळलं.

मी सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर बेल वाजवायची वेळ काकांवर आली नाही. ज्यांनी कधी गादी सोडली नव्हती, तेही जाळं ओढायला आले. एका संध्याकाळी तळ्याच्या मधोमध पाणी मोकळं झालं आणि त्यात आभाळ दिसलं, केशरी. हातातलं जाळं तसंच धरून आम्ही सगळे बघत राहिलो. मिटल्या डोळ्यांनी किती वेळा पाहिलं होतं मी ते, पण केशरी नव्हतं पाहिलं.

पण कमळांचं काय? काकांनी कुठून कुठून कंद आणून लावले होते. पानं दोन-चार आली. फुलं काय कुणाच्या सांगण्यावरून उमलतात? इकडे ऑपरेशन झालं, काकू घरी आल्या, दुसऱ्या दिवशी पट्टी निघायची. आम्ही तोंडं पाडून घाटावर बसलो होतो. एवढ्यात आमचे हे घरी गेले आणि पाठीमागे काहीतरी लपवत परत आले. आमच्या गणपतीचं थर्माकोलचं कमळ! माळ्यावर होतं. शपथ मोडली ती मोडलीच. पाहता पाहता शेजारणी एकेक करून आपापल्या माळ्यावर चढल्या. टाकून दिलेली सगळी कमळं काही वेळात घाटावर हजर. लाज म्हणून कुणाला नव्हती!

आणि वरून काका आले.

आमची पाचावर धारण बसली. काकांनी ढीग पाहिला. एक कमळ उचललं, पेरानं टकटक केली. आता भाषण, म्हणून आम्ही माना खाली घातल्या. काका वळले आणि घरी गेले. परत आले तेव्हा हातात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"हेही लावा," एवढंच म्हणाले.

जनादादानं एकेका कमळाला दोरीनं वीट बांधून ती पाण्यात सोडली. मग हात पुसत म्हणाला, "आता मिटा डोले, काका, आन बगा." काकांनी खरंच मिटले. किती तरी वेळ उघडलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून काकांच्या घरी गेले. काळा चष्मा लावलेल्या काकूंना हाताला धरून काकांनी गॅलरीत आणलं. पाण्यावर कमळं संथ डुलत होती. काकू बघत राहिल्या.

"अहो," काकू म्हणाल्या, "अगदी तुम्ही सांगता तसंच आहे."

काका चहा टाकतो म्हणून घाईघाईनं आत गेले. काकूंनी माझा हात ओढला. "घाटाजवळचं ते थर्माकोलचं कमळ माझं, डोळे जायच्या आधी रंगवलेलं. गुलाबी रंग संपला म्हणून एक पाकळी शेंदरी केली होती. मला वाटलं, ह्यांनी कधीच टाकलं असेल."

"काकू, म्हणजे तुम्हाला..."

"डोळे गेले होते गं, नाक नव्हतं गेलं. उदबत्तीनं एवढं तळं झाकतंय होय?"

"मग कधी बोलला नाहीत?"

"काय बोलू? रोज सकाळी चहाच्या आधी हा माणूस माझ्यासाठी तळं भरायचा." त्या पाण्याकडे बघत होत्या. "ऑपरेशनची नाही गं भीती वाटली. दिसायला लागल्यावर हे सांगायचे थांबतील, त्याची वाटली."

पुढच्याच रविवारी काकांनी थर्माकोल पाण्याबाहेर काढायला लावलं, आणि राहिलेलं भाषणही व्याजासकट ऐकवलं. शेंदरी पाकळीचं कमळ तेवढं पुन्हा वर्तमानपत्रात गेलं. जलपर्णी अजून एका कोपऱ्यातून डोकं वर काढते. आम्ही अजून ओढतो.

परवा सकाळी मी बँकेत निघाले होते. तळ्याच्या पलीकडे बगळा उभा होता. खरा, चांगला मान वळवून बघणारा! मी गडबडीनं वर पाहिलं. गॅलरीत काकू चष्मा काढून, डोळे मिटून बसल्या होत्या आणि काका त्यांना बगळा सांगत होते.