मिलरकाकांची पाणचक्की

मिलरकाका माणसाला नाव विचारत नाहीत, आडनाव विचारतात. ते कळलं की लगेच दुसरा प्रश्न येतो, "आणि ते काय काम करायचं?"

अमेरिकेत नोव्हाय गावात घर घेतलं त्या दिवशी मी सोफ्याखाली होतो. सोफा दारात अडकला होता, त्याचं एक टोक माझ्या खांद्यावर होतं, आणि पलीकडच्या टोकाला बायको "डावीकडे, अहो तुमच्या डावीकडे" करत होती. तेवढ्यात शेजारचं लॉन तुडवत एक उंच म्हातारा आला आणि वाकून सोफ्याखाली बघत म्हणाला, "आडनाव?"

"जोशी," मी गुदमरत म्हणालो.

"काय काम करायचं?"

मी म्हणालो, गाड्यांचे गिअरबॉक्स डिझाइन करतो.

"तू नाही रे. तुझं आडनाव. प्रत्येक आडनावाला एकेकाळी नोकरी होती."

मग मी सांगितलं की जोशी म्हणजे ज्योतिषी, पंचांग बघून मुहूर्त काढणारे, गावात मोठा मान. सोफ्याखालूनसुद्धा 'मोठा मान' सांगायला मी विसरलो नाही. म्हाताऱ्याने खिशातून एक कोरं कार्ड काढलं, त्यावर काहीतरी लिहिलं, "छान आडनाव आहे" म्हणाला आणि निघून गेला. सोफ्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवसापासून कुंपणावरून विचारणा सुरू झाली, "जोशी, बर्फ कधी?" मी हसत ठोकून दिलं, गुरुवारी. गुरुवारी नेमका अर्धा फूट पडला. तेव्हापासून काका बर्फावर टाकायचं मीठ माझ्या सल्ल्याने आणतात. चारदा मी साफ तोंडघशी पडलो, पण काकांचा विश्वास ढळला नाही. आडनावावर त्यांची श्रद्धाच तशी आहे.

त्यांचं नाव रेमंड मिलर. गाड्यांच्या कारखान्यात साचे घडवण्यात जन्म गेला. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, एकुलती मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला, ऑरेगनला. आमची मुलं त्यांना मिलरकाका म्हणायला लागली, मग गल्लीतले सगळे देशी म्हणायला लागले. 'काका' म्हणजे काय ते त्यांनी विचारून घेतलं आणि त्याचंही कार्ड केलं. बेसमेंटमध्ये बुटांचे रिकामे खोके आहेत, त्यात ही कार्डं. त्यात पोस्टमन आहे, पिझ्झावाला आहे, डेंटिस्ट आहे. डेंटिस्टला त्यांनी तोंडात कापूस असताना विचारलं होतं. एकदा वेगात गाडी चालवली म्हणून पोलिसाने अडवलं. त्याने लायसन्स मागितलं, काकांनी त्याचं आडनाव मागितलं. वीस मिनिटं दोघं रस्त्याच्या कडेला गप्पा मारत उभे होते. दंडाची पावती मिळाली ती मिळालीच, पण तिच्या पाठीमागे पोलिसाने स्वतःच्या खापरपणजोबांच्या गावाचं नाव लिहून दिलं.

त्यांच्या स्वतःच्या आडनावाची नोकरी तर जगजाहीर होती. मिलर म्हणजे चक्कीवाला. जर्मनीत नदीकाठी पूर्वजांची पाणचक्की होती, तिला सात चाकं होती, अख्खं खोरं त्यांच्याकडे गहू दळायला यायचं. काकांच्या टपालपेटीवर पाणचक्की रंगवलेली. छपरावर वारा दाखवणारी पत्र्याची पाणचक्की. टायवर पाणचक्की. मागच्या अंगणात तर त्यांनी स्वतःच्या हातांनी कमरेएवढी पाणचक्की बांधली होती. पंप लावला की चाक फिरायचं आणि आमच्या टोमॅटोंना फुकट पाणी मिळायचं.

"पुरावा आहे का, काका?" मी डिवचायचो.

"नाही," ते प्रामाणिकपणे म्हणायचे. "आजीने सांगितलेलं आहे. आणि आज्या थापा मारतात. पाद्री लिहून ठेवतो."

म्हणून सहा वर्षं ते जर्मनीतल्या चर्चना पत्रं पाठवत होते. उत्तरं जर्मनमध्ये यायची, ती कॉम्प्युटरवर टाकून भाषांतर करायला मी. लवकरच मिलर खानदानाचं संमेलन भरणार होतं, ऐंशी-नव्वद माणसं. तिथे पाणचक्कीचा अस्सल पुरावा सगळ्यांसमोर मांडायचा, ही त्यांची शेवटची इच्छा. 'शेवटची' हा त्यांचाच शब्द.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझी मान खाली जाते आहे. पण ते गाळलं तर मिलरकाका कोण आहेत हे कळणार नाही, मीच तेवढा बरा दिसेन.

काकांना मी 'आडनाववेडा' म्हणून हसायचो, पण आडनाव मीही विचारतो. त्यांच्यासारखा सरळ नाही. आपल्याकडे त्याची पद्धत आहे. आधी "कुठले तुम्ही?", मग "नागपूर म्हणजे नेमकं कुठे?", मग "अच्छा, आणि पूर्ण नाव?" उत्तर आलं की डोक्यात समोरचा माणूस जाऊन बसायचा तिथे बसतो आणि आपण चहा पुढे करतो. काकांचं कार्ड निदान सगळ्यांना दिसतं.

आमच्या ऑफिसात प्रज्ञा नावाची मुलगी लागली. नागपूरची, हुशार, सॉफ्टवेअरच्या टीममध्ये. पहिल्याच आठवड्यात कॉफीच्या मशीनपाशी मी पद्धतशीर तीन प्रश्न विचारले. "प्रज्ञा रामटेके," ती म्हणाली. माझ्या तोंडून फारच गोड आवाजात बाहेर पडलं, "आम्ही असलं काही मानत नाही हं."

"काय मानत नाही, सर?" तिने विचारलं.

मी म्हणालो, काही नाही, साखर किती? आजही ते आठवलं की गाडी चालवता चालवता मी मोठ्याने "अरेरे" म्हणतो.

त्या प्रायश्चित्तापोटी म्हणा, दिवाळीत ऑफिसातल्या मराठी मंडळींना शनिवारी फराळाला बोलावलं तेव्हा तिला दोनदा आग्रह केला. दहा-बारा माणसं होती. चिवडा, चकल्या, कोणाचं तरी ग्रीन कार्ड, कोणाचा तरी घर तापवायचा नवा फर्नेस. दुपारी एकच्या सुमाराला मिलरकाका आले. त्यांना चकली आवडते म्हणून आमंत्रण होतंच, पण त्यांच्या हातात कागद होता आणि टोपी काढायचं भान नव्हतं.

"जोशी, पाद्र्याचं उत्तर आलं. मी लायब्ररीतल्या बाईंकडून वाचून घेतलं. आमची चक्की नव्हतीच."

काका उभ्या उभ्या सांगत गेले. खापरपणजोबांचं जर्मनीतलं आडनाव वेगळंच होतं. जन्मतारीख तीच, बायको तीच, मुलं तीच, आणि पाद्र्याने समासात लिहिलेलं, अमेरिकेला गेला. इथे उतरल्यावर 'मिलर' हे नाव त्या माणसाने स्वतःच घेतलं होतं. आणि त्याच्या घराण्याचं काम होतं गावातली मेलेली गुरं ओढून नेण्याचं. ती नेऊन सोलायची, पुरायची. घर गावाच्या शेवटच्या घराच्याही पलीकडे. गुत्त्यात त्याचं स्टूल वेगळं, त्याचा पेला वेगळा, दाराशी खिळ्याला टांगलेला. मुलांनी दुसरा धंदा शिकायचा नाही.

"आणि त्याचा बाप मेला," काका म्हणाले, "तेव्हा खांदा द्यायला गावातलं कोणी आलं नाही. पाद्र्याने तेही लिहिलंय. बायको-पोरांनी त्याला गुरांच्याच गाडीवर घातला आणि नेला."

मग ते माझ्याकडे वळले. "जोशी, तुमचा देश जुना आहे. तुमच्याकडे असतं असलं काही?"

माझ्या हातात फराळाचं ताट होतं. समोर अमेरिकन माणूस उभा होता, आणि मला एकदम देशाची अब्रू सांभाळायची हुक्की आली. "नाही हो," मी म्हणालो. "म्हणजे फार पूर्वी असेल कुठे. आता असलं काही नाही."

मी काय बोललो ते माझं मलाच माहीत होतं. लहानपणी आमच्या मागच्या दाराशी कोनाड्यात एक कान तुटलेला कप उपडा असायचा. तो कोणासाठी आहे हे मला कधी कोणी सांगितलं नाही आणि मला कधी विचारावं लागलं नाही.

प्रज्ञाने हातातली वाटी टेबलावर ठेवली. ती इंग्रजीतच बोलली, काकांना कळावं म्हणून, अगदी शांतपणे. "असतं, मिस्टर मिलर. माझे पणजोबा हेच काम करायचे. गावाने लादलेलं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. माझ्या आजोबांनी ते सोडलं, म्हणून मार खाल्ला. मग ते बौद्ध झाले, मुलांना शिकवलं."

खोलीत कोणीतरी उगाच चिवड्याचा डबा हलवला. काका तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "त्यांचं नाव काय होतं? पणजोबांचं?" आडनाव नाही, नाव विचारलं. तिने सांगितलं. त्यांनी दोनदा उच्चारून बघितलं, चुकलं, तिने दुरुस्त केलं. दोघं तासभर बोलत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन स्वच्छ भांडी पुन्हा घासत होतो.

जाताना ती दाराशी म्हणाली, "थँक यू सर, चकल्या मस्त होत्या." मला वाटलं होतं चिडेल, सुनावेल. तिने जाकीट घातलं आणि निघाली. मी तेव्हाच माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, "रस्त्यावर जपून हं, निसरडं आहे."

संमेलन पुढच्या उन्हाळ्यात झालं. काकांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. पाणचक्कीचे टी-शर्ट आधीच छापून झाले होते, तेच घालून सगळे ऐकत होते. एक चुलतबहीण म्हणाली, "रेमंड, त्याला चक्कीवालाच राहू दिला असतास तर काय बिघडलं असतं?" काकांचं उत्तर, "त्याने एवढं सोसलं, आणि आपण त्याला ओळखही दाखवायची नाही?" त्यानंतर नाताळाची कार्डं कमी आली. फोनही कमी झाले. काका हे सांगताना हसतात, पण फोन वाजला की फार लवकर उठतात.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या फर्नेसचा फिल्टर बदलायला गेलो होतो. फ्रिजवर चुंबकाने एक कागद लावला होता. एक ते सहा आकडे, पुढे नावं. पहिलं मुलीचं, पुढे प्रश्नचिन्ह, विमान मिळालं तर. दुसरा कारखान्यातला जुना दोस्त, जो स्वतः वॉकर घेऊन चालतो. मग लायब्ररीतल्या बाई. मग पोस्टमन. पाचवं नाव वेगळ्या अक्षरात होतं, प्रज्ञाने स्वतः लिहिलेलं. सहावी ओळ कोरी.

"हे काय, काका?"

"इथे सहा माणसं लागतात," ते म्हणाले. "शवपेटीला सहा कड्या असतात. तुमच्याकडे किती?"

"चार," मी म्हणालो.

"मग तुमचं बरं आहे." ते फ्रिजकडे बघत होते. "माझ्याकडे नावांची दोन हजार कार्डं आहेत, जोशी. पण मला गाडीवर जायचं नाही."

मी म्हणालो, "काका, सहावं माझं नाव लिहा ना. नऊ वर्षांचा शेजार आहे."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हातात राग नव्हता, हे मला जास्त लागलं. "ती जागा तुझ्यासाठीच ठेवली आहे," ते म्हणाले. "पेन्सिल तिथे आहे. पण आधी तिला विचार. तिच्या शेजारची कडी तुला धरायची आहे."

प्रज्ञाचं टेबल माझ्या टेबलापासून चौदा पावलांवर आहे. मी रोज कॉफी घेऊन तिथपर्यंत जातो, हवापाण्याचं काहीतरी बोलतो आणि परत येतो. मिलरकाका परवा एक्याऐंशी वर्षांचे झाले. सहावी ओळ अजून कोरी आहे.