काठोकाठ भरलेला ग्लास

क्रेनवर चढण्याआधी कोणी देवाचं नाव घेतो, कोणी तंबाखू मळतो. आमचे श्रावणभाऊ चहा मागतात. प्यायला नाही हो! ग्लास काठोकाठ भरायचा, उजव्या तळहातावर ठेवायचा, हात लांब करायचा आणि मला विचारायचं, "सांडला का गा?" थेंबभर जरी सांडला, की क्रेनची चाबी माझ्या खिशात. "आज हात आपला नाही. थांब जरासा." चहा गरमच लागतो. सांडला की चटका बसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांचा खालचा माणूस. भंडाऱ्याकडच्या शहापूरजवळ पुलाचं काम चालू आहे, तिथं वर घ्या, खाली घ्या, थांबा, हे मी त्यांना हाताच्या खुणांनी सांगतो. केबिनमध्ये ते फोन नेत नाहीत, तो माझ्याजवळ. आणि ताकीद अशी, की वजन हवेत असताना तो उचलायचा नाही. "खाली टेकेपर्यंत कोणी मेला तरी मले सांगू नको, अन् जन्मला तरी नको."

एकदा शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भावाशी भांडून आले. अर्धा चहा सांडला. इंजिनीअर साहेब ओरडले, "अहो, दहा माणसं खोळंबलीत!"

श्रावणभाऊ निवांत लिंबाखाली बसले. "खोळंबली हायेत ना जी? मंग जित्ती हायेत."

तासाभरानं ग्लास स्थिर राहिला, तेव्हाच गडी वर चढला. मीही आधी हसायचो त्यांना. पण ज्याच्या हुकाखाली आजवर कोणाचं बोटही चेंगरलं नाही, त्याला कोणत्या तोंडानं हसायचं?

गेल्या महिन्यात त्यांची लेक बाळंतपणाला भंडाऱ्याच्या दवाखान्यात होती. पहिलं लेकरू पोटातच गेलेलं, म्हणून सगळे धास्तावलेले. त्या सकाळी चहा दोनदा सांडला. मग लेकीचाच फोन आला, "बाबा, डॉक्टर उद्या म्हणते. तुमी जा कामावर." तिसऱ्यांदा थेंबही सांडला नाही. भाऊ चढले.

पुलाची अजस्र तुळई, म्हणजे गर्डर, खांबांच्या वर लटकत होता, खांबावर चार माणसं उभी, आणि माझ्या खिशात त्यांचा फोन थरथरला. थांबला. पुन्हा सुरू. जावयाशिवाय कोण असणार? चांगली बातमी असेल की वाईट? पण खुणेचा हात सोडता येत होता का? खाली... अजून खाली... थांबा. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा कुठे गर्डर बसला.

भाऊ उतरेपर्यंत माझं जावयाशी बोलणं झालं होतं. मी ओरडलोच, "पोरगी झाली भाऊ! दोघीबी बऱ्या हायेत!"

त्यांनी चहा मागितला. ग्लास तळहातावर ठेवला आणि सगळा चहा अंगावर. चटका बसल्याचंही त्यांना कळलं नाही. हसत होते आणि रडतही होते. चाबी माझ्या खिशात घालून म्हणाले, "खुशीनंही हालते गा हात. आज नाही चालवत मी."

"भाऊ, फोन मघाच वाजून राहिला होता. मी उचलला नाही."

"मालूम होतं मले. खिशाकडं पाहिलं ना तू." त्यांनी डोळे पुसले. "मंग मी तुह्या हाताकडं पाहिलं. तो नाही हालला, म्हणून माहा नाही हालला."

आणि आयुष्यात कधी घाई न केलेला तो माणूस हेल्मेटसकट भंडाऱ्याच्या एसटीमागे धावत सुटला. मी चहा भरून घेतला, तळहातावर ठेवला, हात लांब केला. अर्ध्याहून जास्त सांडला.