पाहुण्यांचे मोबाईल

फुटबॉलचा सामना पाहायला आलेला माणूस सामना सुरू झाला की मैदानाकडे पाहतो, असा माझा समज होता. झनकभाऊंनी तो मोडीत काढला. शिटी वाजली की ते एरवी खांद्यावर असणाऱ्या दुपट्ट्याची गाठ मांडीवर सोडतात, त्यातले दहा-बारा मोबाईल ओळीने मांडतात आणि कुठला वाजतो याची वाट पाहत बसतात. त्यातला एकही त्यांचा नसतो. सगळे पाहुण्या संघातल्या पोरांचे.

झनकभाऊ माझे शेजारी, अगदी भिंतीला भिंत लागून. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, आमगावजवळ. धान घरात आलं की तलावाखालच्या मैदानावर सामने सुरू होतात आणि गावोगावचे संघ येतात. तलावाच्या पारावर, म्हणजे बांधावर, मोहाची झाडं आहेत, गार सावली आहे, तिथे आम्ही गावकरी बसतो. समोरची बाजू उघडी, तीन वाजताचं ऊन थेट डोळ्यांत. ती पाहुण्यांची. ही वाटणी कोणी केली ते ठाऊक नाही, पण आम्हाला ती पूर्ण मान्य आहे. झनकभाऊ मात्र या गावात जन्मून, याच तलावात पोहायला शिकून, पाहुण्यांच्या बाजूला उन्हात जाऊन बसतात.

आमच्या पोरांना हे फार लागतं. एकदा आमच्या कप्तानाने त्यांना भर रस्त्यात अडवलं. "काकाजी, तुमी आमचे मोबाईल काऊन नाही धरत?"

"तुह्यी माय कुठं बसली रायते?"

"पारावर."

"मंग? तिले तं तू दिसूनच राहिला. तिचा फोन कायले येईन?"

कप्तान डोकं खाजवत निघून गेला. ही गोष्ट माझ्याच दारातली. किराणा दुकान चालवतो, दिवसभर तोंड चालूच असतं.

खेळातलं त्यांना काही कळतं असा आरोप कोणी करणार नाही. ऑफसाइडला तर त्यांचा तात्त्विक विरोध आहे. "पोट्टा मेहनत करून समोर गेला, तं गुन्हा काऊन जी?" पण सामन्याआधी ते पाहुण्या संघातल्या प्रत्येकाला नाव विचारतात. पोराने पाठीवरचा आकडा दाखवला तर चिडतात. "नंबर ट्रकले रायते, बाबू. तुह्यं नाव सांग." मग त्याचा बाप काय करतो, घरी कोण कोण आहे, हेही विचारून घेतात. हे कशासाठी, ते फोन वाजला की कळतं.

त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावतात. त्यामुळे पाहुण्यांच्या घरची ख्यालीखुशाली निम्म्या मैदानाला समजते. "हॅलो, माय? हो जी, खेळून राहिला. नाही जी, नाही पडला. पाणी पेला. जेवला, जेवला, पोटभर जेवला." पोरगा त्या क्षणी मैदानात आडवा पडून गुडघा धरून कण्हत असला तरी मजकूर हाच. मोबाईल कोणाचाही असो, पोरगा जेवलेलाच असतो.

एकदा मात्र घोटाळा झाला. गोंदियाच्या राइस मिलमधून मुनीमजींचा फोन आला. "वो बीमार है बोला था. तबियत कैसी है?" झनकभाऊ म्हणाले, "बिमार? नाही जी, आताच तं गोल केला!" त्या पोराची काय हजामत झाली असेल ते सांगायला नको. पुढच्या वेळी दुसऱ्या मिलमधून दुसऱ्या पोरासाठी असाच फोन आला, तेव्हा झनकभाऊ शहाणे झाले होते. आवाज बारीक करून म्हणाले, "उठूनबी बसू नाही राहिला जी." पलीकडून विचारणा झाली, "तो इतना शोर कैसा?" झनकभाऊ म्हणाले, "तेले पाहाले लोकं आले जी."

गंमत सगळ्यांना येते, पण हे खूळ आलं कुठून, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. एकदा सामना संपल्यावर घरी येताना मी विचारलंच.

"शेटजी," ते म्हणाले, "आमचा प्रकाश पुण्याकडं कारखान्यात लागला ना, तईची गोष्ट हाये. तिथं आतमंदी मोबाईल न्यू देत नोहते. तं तो खानावळवाल्यापाशी ठेवे. मी फोन करो, तो खानावळवाला उचले. म्हणे, 'काका, लड़का काम पे है, खाना खाके गया, चिंता मत करो.' मी तेले पाह्यलं नाही, नाव मालूम नाही. पण रोज उचले. रोज सांगे, का पोरगा जेवला."

"आणि आता?"

"आता प्रकाश सुपरवायझर झाला. मोबाईल सोतापाशीच ठेवते." थोडं चालून ते म्हणाले, "आता कोणीच नाही उचलत."

माझं तोंड तेवढ्यावरच थांबलं. झनकभाऊंची बायको वारून बराच काळ झाला, घरात ते एकटेच. भिंतीपलीकडून रोज सकाळी एकच फोडणी ऐकू येते आणि रोज संध्याकाळी स्पीकरवर वाजत राहणारी, कोणी न उचललेल्या फोनची कॉलर ट्यून. मला वाटायचं, म्हातारा गाणी ऐकतो.

यंदाचा शेवटचा सामना आमचा आणि शेजारच्या कामठा गावाचा. झनकभाऊ धुतलेला दुपट्टा घेऊन निघाले. भिंतीपलीकडून त्या सकाळी फोडणीचा आवाज आला नव्हता, हे मला निघताना आठवलं. मैदानावर पाहतो तर कामठ्याची पोरं एकटी नव्हती. ट्रॅक्टरची ट्रॉली भरून माणसं आली होती, बाया, पोरी, डफडं वाजवणारे. मोबाईल त्यांच्याच हातांत होते, व्हिडिओ चालले होते. झनकभाऊंनी नेहमीच्या जागी दुपट्टा मांडीवर पसरला. कोणी आलं नाही. शेजारी बसलेल्या एका बाईने त्यांना थोडं सरकायला सांगितलं, ते सरकले. दुपट्टा तसाच पसरलेला.

मला पारावरून ते बघवेना. सावली सोडून मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. बाकी गावाने मला नावं ठेवली असतील, ठेवू दे.

शिटी वाजायच्या बेतात असताना कामठ्याचा गोलकीपर धावत आला. हेमराज त्याचं नाव, मागे कामठा आला तेव्हाही तोच होता. "काकाजी, हा धरा."

"तुह्यी मानसं आली ना, बाबू?"

"ते सारे व्हिडिओतच हायेत जी. अन् माय घरीच हाये, तिनं सांगलं, मोबाईल त्या काकाजीपाशीच दे. तेच बराबर सांगतेत."

झनकभाऊंनी तो एकुलता एक मोबाईल दुपट्ट्याच्या मधोमध ठेवला आणि ताठ बसले.

मध्यंतरानंतर तो वाजला. "हो जी, माय, खेळून राहिला. पाणी पेला. जेवला, पोटभर जेवला."

"बरं झालं जी," पलीकडून बाई म्हणाली. "अन् तुमी जेवले का, भाऊ?"

नेमका तेव्हाच आमच्या गावाने गोल केला. पारावर एकच दंगा उसळला. झनकभाऊंनी वर पाहिलंसुद्धा नाही. हातातल्या मोबाईलकडे बघत राहिले. साऱ्या जगाच्या पोरांना जेवू घातलेला माणूस, त्याला एवढ्याशा प्रश्नाला खोटं बोलता येईना.

"नाही जी," ते म्हणाले. "अजून नाही."

"मंग हेमराजसंगं ट्रालीत बसून याच. भाजी टाकूनच राहिली मी."

सामना आम्ही जिंकलो. पारावर आमची पोरं नाचत होती आणि झनकभाऊ हरलेल्या संघाच्या ट्रॉलीत चढत होते. हेमराजने हात दिला, बायांनी जागा केली. ट्रॉली हलणार तेवढ्यात त्यांनी मला हाक मारली आणि खिशातून स्वतःचा मोबाईल काढून माझ्या हातात दिला.

"ट्रालीत मले आयकू येत नाही, शेटजी. तुह्यापाशी ठेव. प्रकाशचा आला तं उचलजो." ट्रॉली निघाली, तसे ते ओरडून म्हणाले, "सांगजो, बाबा जेवाले गेले!"

मी दुकानात आलो आणि तो मोबाईल मांडीवर घेऊन बसलो.