अ विंगची अग्नी-पाच

प्रेसमधून निवृत्त झाल्यापासून देशाच्या क्षेपणास्त्रांची जबाबदारी सावळीरामांवर येऊन पडली होती. पेपरातला फोटो अर्धा झाकला तरी ते नुसत्या शेपटावरून प्रकार सांगत. त्यामुळे सव्वीस जानेवारीचा देखावा नाशिक रोडच्या त्या सोसायटीनं डोळे मिटून त्यांच्याकडे सोपवला. आदल्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये वीस फूट लांब, सहा इंच जाड, नवाकोरा प्लास्टिकचा पाइप पडलेला दिसला. कुणाचा, हे विचारायला सवड कुणाला होती?

“अग्नी-पाच!” सावळीरामांनी जाहीर केलं.

“ही? ही तर उदबत्ती,” ब विंगमधले धोंडीराम म्हणाले. ते मनमाडला रेल्वेत होते. मापात त्यांना फसवणं अवघड. “खरी साडेसतरा मीटर लांब, दोन मीटर जाड. सहा इंचाला साडेचार फुटांच्या वर बसत नाही.”

मुद्दा बिनतोड होता. करवत आली. साडेचार फुटांची अग्नी-पाच झाली, साडेसात फुटांची अग्नी-एक, चार फुटांची पृथ्वी. उरलेला तुकडा सावळीरामांनी दुसऱ्या हल्ल्यासाठी राखून ठेवला.

रंग देता देता देखाव्यापुढं लावायच्या पाटीचा विषय निघाला.

“लिहा, आपण पहिला वार करत नाही,” धोंडीराम म्हणाले. “देशाचं धोरण आहे ते.”

“आणि समोरच्यानं बटण दाबलं, मग तुमची पाटी वाचायला उरणार कोण?”

“संयम लागतो, सावळीराम.”

“तुम्ही रेल्वेतले. थांबायची सवयच तुम्हाला!”

सावळीरामांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘वेळ आली तर आधी आम्ही!’ धोंडीरामांनी ब विंगच्या वतीनं निषेध नोंदवला आणि बोलणं बंद केलं.

तेवढ्यात बारकू प्लंबर पाना घेऊन खाली आला.

“काका, माझा पायप कुठंय?”

“कसला पाइप?”

“अ विंगच्या संडासाचा. जुना काढून टाकला ना मी आत्ता.” त्याची नजर अग्नी-एकवर गेली, मग पृथ्वीवर. “रंग लय भारी दिलाय. पण आता जोडता नाय यायचा. एवढा जाड इथं मिळत नाय, मागवावा लागंल. उद्या सुट्टी. परवाच आता.”

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सावळीरामांच्या पत्नी सुमनबाई सगळं ऐकत होत्या.

“अहो सरसेनापती! अ विंगमध्ये बारा घरं आहेत. जा, दारोदार सांगून या, परवापर्यंत संयम ठेवा म्हणावं!”

सव्वीस तारखेला सकाळी सहा वाजता सावळीराम टॉवेल घेऊन धोंडीरामांच्या दारात उभे होते. दार चार बोटं उघडलं.

“धोरण?” आतून प्रश्न आला.

“तुमचंच बरोबर. पाटी पुसली मी. पहिला वार... करायचा नाही. उघडा हो लवकर!”

धोंडीरामांनी मोठ्या मनानं दार उघडलं, खुर्ची दिली, वर ताजा पेपरही दिला. मग स्वतःचा टॉवेल खांद्यावर टाकला.

“बसा निवांत. आधी आम्ही,” ते म्हणाले, आणि संडासात शिरून त्यांनी आतून कडी लावली.